पायऱ्या कोणाच्या दप्तरी?

भिलाई हे सपाटीवरचे नगर आहे. दुर्गच्या पश्चिमेकडून वाहणाऱ्या शिवनाथ नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, जिथे धानाच्या बांध्यांवाचून दुसरे फारसे काही नव्हते, तिथे २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारान्वये पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. स्थलनिर्णय करणाऱ्यांच्या दृष्टीसमोर दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज होते, नंदिनीचा चुनखडक होता, तांदुळा जलाशयाचे पाणी होते, मुंबई-हावडा लोहमार्ग होता. आणि या साऱ्याच्या जोडीला कोसच्या कोस चढउतार नसलेली जमीन होती. (हा मुलूख तेव्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत असे त्याची राजधानी नागपूर होती आणि दुर्गच्या कचेरीतले कागद मंजुरीसाठी नागपुरास जात असत, ही गोष्ट भिलाईच्या मराठी घरांतील आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना ती थट्टाच वाटते.) अशा नगरात सार्वजनिक जिना, म्हणजे जो कुणाच्या घराचा नाही, कचेरीचा नाही, फलाटाचा नाही, केवळ डोंगर आडवा आला म्हणून रस्त्यानेच पायऱ्यांचे रूप घेतले असा उघड्या आभाळाखालचा जिना, असण्याचे काही प्रयोजनच नाही. सेक्टरांच्या रुंद, वृक्षच्छायेच्या रस्त्यांवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या सायकलीने कामावर गेल्या, त्यांना गुडघ्यांचा परिचय उतारवयातच व्हावा, अशी ही भूमी.

तरीही भिलाईच्या माणसाचे अर्धे आयुष्य पायऱ्यांवर जाते; मात्र त्या कारखान्याच्या आत आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, त्या दिवसापासून या भट्ट्यांच्या अंगाखांद्यांवरून लोखंडी जिने चढत गेले आहेत: कुठे जाळीचे, कुठे उंचवट्यांची नक्षी असलेल्या चेकर्ड प्लेटचे, दोन्ही बाजूंना कठडा असलेले. या जिन्यांवर धूळ बसते, तेल सांडते, उष्णतेने पत्रा वाकतो. पण त्यांच्या मागे एक कायदा उभा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने असे बजावले की, फरशा, पायऱ्या, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा भक्कम बांधणीच्या असाव्यात, त्यांची योग्य देखभाल व्हावी, त्या अडथळ्यांपासून आणि पाय घसरेल अशा पदार्थांपासून मुक्त राखाव्यात, आणि सुरक्षिततेसाठी आवश्यक तेथे त्यांना मजबूत कठडे असावेत. या एका वाक्यात बांधणी आणि देखभाल यांना एकाच तोलाने तोलले आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. कारण आपल्याकडील सार्वजनिक पायऱ्यांचा सारा इतिहास बांधणीच्या गौरवाचा आणि देखभालीच्या विस्मरणाचा आहे. कारखान्यातील पायरी कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नाही. तिला मालक आहे, पाहणी करणारा निरीक्षक आहे, आणि ती मोडली तर जाब विचारता येईल असा अधिकारी आहे.

हाच कामगार आश्विनात आणि चैत्रात, नवरात्राच्या दिवसांत, ज्या पायऱ्या चढतो त्यांची गोष्ट निराळी. भिलाई-दुर्गहून पश्चिमेस, लोहमार्गाने सुमारे ६५ किलोमीटरांवर, डोंगरगड आहे. तेथील डोंगरावरच्या बम्लेश्वरीला छत्तीसगढी भाविक ‘बमलई दाई’ म्हणतात, आणि तिच्या दर्शनाला नवरात्रात माणसे आगगाडीने जातात त्याहून अधिक हौसेने पायी जातात. जी. ई. रोडच्या कडेने, रात्रीच्या गारव्यात, अनवाणी चालणाऱ्यांची रांग लागते. वाटेत ठिकठिकाणी मंडप घालून चहा, खिचडी, पाय चेपण्यासाठी तेल आणि पडायला सतरंजी यांची फुकट सोय करणारी मंडळे बसलेली असतात. रेल्वेही या दिवसांत जादा थांबे देते व काही गाड्या डोंगरगडापर्यंत नेते. पलीकडून, म्हणजे गोंदिया, भंडारा, नागपूर या बाजूने, दरेकसाचा बोगदा ओलांडून येणाऱ्या गाड्यांत मराठी बोलणाऱ्यांचीच गर्दी असते. महाराष्ट्राची सीमा डोंगरगडापासून इतकी जवळ आहे की, त्या दिवसांत स्थानकावर कोणती भाषा राज्याची आणि कोणती पाहुण्यांची हे ओळखू येत नाही.

वाटेत राजनांदगाव लागते आणि तेथे थोडे थांबण्याचा मोह आवरत नाही. राणीसागर आणि बूढासागर या तळ्यांच्या मध्ये वसलेल्या जुन्या राजवाड्यात दिग्विजय महाविद्यालय आहे; गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अखेरपर्यंत तेथे अध्यापक होते आणि त्याच आवारात राहत होते. मातृभाषा मराठी, लेखनभाषा हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी व समीक्षक. गजानन मुक्तिबोधांच्या त्या घरातला चक्राकार जिना आज त्यांच्या स्मारकाला येणाऱ्यांना आवर्जून दाखवला जातो, आणि ‘ब्रह्मराक्षस’ या त्यांच्या विख्यात कवितेत गावाबाहेरच्या ओसाड बावडीच्या पाण्यात बुडालेल्या पायऱ्या आहेत, हे जाणणारा वाचक तो जिना जरा जपूनच चढतो. पण तो जिना घरचा. सार्वजनिक जिन्यासाठी अजून तीसेक किलोमीटर पश्चिमेस जायला हवे.

डोंगरगड हे खैरागड संस्थानातील व्यापारी गाव. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वे येथून गेल्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला महत्त्व आले. आख्यायिका त्याला याहून पुष्कळ जुने ठरवते: येथे कामावती नगरी होती, राजा वीरसेनाला देवीच्या कृपेने पुत्र झाला, त्याच्या नातवाच्या, कामसेनाच्या, दरबारात माधवानल हा संगीतज्ञ आणि कामकंदला ही नर्तकी यांचे प्रेम जडले आणि त्यापायी उज्जयिनीच्या विक्रमादित्याशी युद्ध जुंपले. डोंगराच्या पायथ्याशी कामकंदलेच्या नावाचे तळे आहे. इतिहासाने यातले किती स्वीकारावे हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्या गावाने आपल्या उत्पत्तीच्या मुळाशी एक गायक आणि एक नर्तकी ठेवली, त्याच संस्थानाच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन १९५६ साली खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे करावे, हा योग मात्र सुंदर आहे.

डोंगराची उंची सर्वत्र १६०० फूट अशी सांगितली जाते, आणि नवखा यात्रेकरू पायथ्याशी उभा राहून ती ऐकतो तेव्हा त्याचे पाय तिथेच जड होतात. परंतु पायऱ्या हजारांहून काही अधिक आहेत. एका पायरीची उंची सहा इंच धरली तर चढ पाचशे-साडेपाचशे फुटांच्या पलीकडे जात नाही. गावच मुळी समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर वसलेले आहे, तेव्हा ते १६०० फूट समुद्रापासून मोजलेले असणार, हे उघड आहे. चढ मात्र सोपा नाही. खालच्या भागात दोन्ही अंगांना नारळ, चुनरी, अगरबत्ती, खेळणी, फोटो यांची दुकाने. वर जावे तसे दुकाने विरळ होत जातात, काळे खडक दिसू लागतात, माकडे प्रसादाच्या पिशवीवर नजर ठेवून असतात. आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे पायऱ्या उभट होतात, तिथे तरुणही कठड्याला धरतो. डोंगरगडच्या इतर टेकड्यांनीही आपापले चढ राखले आहेत. प्रज्ञागिरीवर ३० फूट उंचीची बुद्धमूर्ती आहे आणि दर वर्षी ६ फेब्रुवारीला तेथे बौद्ध संमेलन भरते, ज्याला विदर्भातून व भिलाईतून मराठी बौद्ध मोठ्या संख्येने येतात. आणि चंद्रगिरीवर जैन तीर्थ आहे, जेथे बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेले आचार्य विद्यासागर यांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी समाधी घेतली. एका लहानशा गावात एवढ्या धर्मांचे एवढे चढ असावेत, आणि त्या साऱ्यांवर माणसांनी आपण होऊन दम खावा, हे दृश्य सपाटीवरून येणाऱ्या भिलाईकराला विशेष जाणवते.

आता देखभालीकडे वळू. कारण लेखाचा खरा विषय तोच आहे, आणि या विषयावर लिहिण्याची आपल्याकडे फारशी वहिवाट नाही.

पायरीचा पहिला शत्रू पाणी. डोंगरावर पायऱ्यांची रांग बांधली म्हणजे आपण नकळत पाण्यासाठीही एक मार्ग बांधतो. पावसाळ्यात माथ्यावर पडलेल्या पाण्याला कडेला स्वतंत्र गटार मिळाले नाही, तर ते पायऱ्यांवरूनच धावते, सांध्यांतला चुना वा सिमेंट धुऊन नेते, पायरीखालची माती पोकळ करते, आणि मग एके दिवशी वरून धडधाकट दिसणारा दगड पाय पडताच डुगडुगतो. म्हणून जाणता गवंडी पायरीला बाहेरच्या बाजूस किंचित उतार देतो, इतका की पाणी थांबू नये आणि चढणाऱ्याला तो कळूही नये. दुसरा शत्रू शेवाळ, तिसरा नारळ. देवस्थानच्या पायऱ्यांवर नारळाचे पाणी, तेल, तूप, फुलांच्या पाकळ्या आणि साखरफुटाणे यांचा जो थर नऊ दिवसांत बसतो, त्याला नुसता झाडू पुरत नाही. तो खरवडावा लागतो. चौथा शत्रू आपली सौंदर्यदृष्टी. जुन्या खडबडीत दगडावर घोटलेली, चकाकणारी फरशी बसवली म्हणजे जीर्णोद्धार झाला, अशी समजूत गावोगावच्या व्यवस्थापकांनी करून घेतलेली आहे, आणि पहिल्या पावसात त्याच फरशीवर म्हातारी माणसे घसरून पडतात. फरशीला ग्रॅनाइटच हवा असेल, तर तो आगीने खडबडीत केलेला मिळतो. तो दिसायला जरा मळकट, आणि म्हणूनच कोणाला नको असतो.

याहून सूक्ष्म दोष पायऱ्यांच्या असमानतेचा. फ्रान्सच्या ब्लोंदेल या स्थपतीने सतराव्या शतकात असा नियम सांगितला की, पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे आजच्या मापात ६० ते ६५ सेंटिमीटर, असावी. उंची सहा इंच असेल तर रुंदी एक फुटाच्या आसपास येते आणि पाय सुखाने पडतो. पण खरी मेख एकेका मापात नाही, सलगपणात आहे. चार-सहा पायऱ्या चढल्या की पाय त्यांचे माप शिकून घेतो आणि डोळ्यांना रजा देतो. त्यानंतर एखादी पायरी बोटभर उंच निघाली तरी ठेच लागते. दुरुस्ती करताना जुन्या पायरीवर दीड इंचाचा गिलावा चढवणारा कंत्राटदार ती पायरी नवी करतो आणि चढ बिघडवतो, कारण तिची स्वतःची उंची दीड इंच वाढते व वरच्या पायरीची तितकीच घटते. डोंगरावर माणसे पडतात त्यात एकट्या-दुकट्या पायरीच्या डागडुजीचा वाटा किती असेल, याचा विचार कुणी तरी अभियंत्याने करायला हवा.

आणि शेवटी काळाचा प्रश्न. पावसाळा आणि आश्विनातील नवरात्र यांच्यात जो काय मोकळा अवधी असतो तो भाद्रपदातला, आणि त्यात पितृपक्षाचा पंधरवडा यात्रेच्या दृष्टीने शांत. म्हणून ‘नवरात्राच्या आधी करून घेऊ’ असे म्हणणारे व्यवस्थापक त्या पंधरवड्यात कामाला लागतात. परंतु काँक्रीट ओतल्यानंतर त्याला आठवडाभर तरी ओले ठेवावे लागते आणि त्याची पुरी ताकद यायला २८ दिवस लागतात. घटस्थापनेच्या आधल्या आठवड्यात बसवलेल्या पायरीवर नवव्या दिवसापर्यंत हजारो पाय पडलेले असतात, आणि ती कार्तिकात फुटली तर दोष सिमेंटला दिला जातो. (सिमेंट बिचारे निर्दोष असते, भिलाईच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीपासून याच परिसरात स्लॅग सिमेंट बनते, आणि ते ताकद जरा सावकाश धरते, पण पाण्याला चांगले टिकते.) खरा मोसम चैत्री नवरात्रानंतरचा, वैशाख-ज्येष्ठाचा, मात्र तेव्हा उन्हाची तलखी अशी असते की, काँक्रीट ओले ठेवण्यासाठी लागणारे पाणी डोंगरावर चढवण्याचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र कलम म्हणून धरावा लागतो. तो सहसा धरलेला नसतो.

पैसा नसतो असे नाही. पैसा बांधणीला मिळतो. पायरीवर आपले नाव कोरून घ्यावे आणि भाविकांच्या पायधुळीने ते पावन व्हावे, ही भावना आपल्याकडे नामदेवांच्या पायरीइतकी जुनी आहे आणि तिच्यात उणे काढण्यासारखे काही नाही. भोसल्यांच्या मुलखात तर टेकडीवर राम बसवण्याची परंपराच होती: पहिल्या रघुजींनी रामटेकच्या मंदिरांना ऊर्जितावस्था आणली आणि त्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून १७५८ पासून १७८७ पर्यंत छत्तीसगढचा कारभार पाहत असता त्यांनी तेथील रामटेकडीवर राममंदिर बांधले. पुण्याच्या पर्वतीवर १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी देवालय उभारले. तिच्या १०३ पायऱ्या आजही पुणेकरांच्या पहाटेच्या व्यायामाचे साधन आहेत. गिरनारच्या सुमारे १०,००० पायऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनागडात चक्क लॉटरी काढण्यात आली. लॉटरी, देणगी, सनद, इनाम, यांतल्या प्रत्येक मार्गाने पायऱ्या बांधल्या गेल्या. परंतु सांधे भरायला, गटार उपसायला, गंजलेला कठडा खरवडून रंगवायला कुणी लॉटरी काढल्याचे ऐकिवात नाही. ज्याने पायरी बसवली त्याचे नाव दगडावर असते, ज्याने ती चाळीस वर्षे घासून स्वच्छ ठेवली त्याचे नाव हजेरीपटावरही सापडेलच असे नाही.

डोंगरगडात अलीकडे सरकारी पैसाही आला आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने ‘प्रसाद’ योजनेखाली २०२०-२१ सालात बम्लेश्वरी परिसरासाठी ४० कोटींहून अधिक रकमेचा प्रकल्प मंजूर केला. त्यात पायऱ्यांची सुधारणा, त्यांवर छाया, दिवे, तळ्याचा काठ, वाहनतळ, आणि प्रज्ञागिरीनजीक यात्रेकरूंसाठी केंद्र ही कामे होती. पायऱ्यांवर छत घालण्याची कल्पना, वैशाखातले ते ऊन सोसलेल्यांना, मूर्तीला सोन्याचा मुकुट घालण्यापेक्षा अधिक धार्मिक वाटेल. पण अशी योजना एकदाच येते; ती भांडवली खर्चाची असते, आणि तिची मुदत संपली म्हणजे दिवा बदलणे, पत्रा ठोकणे ही कामे स्थानिक व्यवस्थेच्या नित्याच्या जमाखर्चात जाऊन पडतात. रोपवे आहे, आणि म्हाताऱ्यांना व अपंगांना तो मोठाच आधार आहे. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याचा एक पाळणा घसरून माणसे जखमी झाली, त्या दिवशी सर्वांना पुन्हा पायऱ्याच आठवल्या. यंत्र बंद पडले की पायऱ्या हाच राजमार्ग, आणि म्हणूनच रोपवे आला म्हणून पायऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याची मुभा कुणालाही नाही.

या ठिकाणी मला पोलादाच्याच दुसऱ्या एका नगराचे स्मरण होते. अमेरिकेतील पिट्सबर्ग हे तीन नद्यांच्या संगमावर, उभ्या टेकड्यांत वसलेले. भिलाईला जी सपाटी लाभली ती त्याच्या वाट्याला आली नाही. नदीकाठी कारखाने आणि टेकड्यांवर कामगारांची घरे, अशी रचना झाल्यामुळे पाळीवर उतरण्यासाठी आणि घरी चढण्यासाठी नगरपालिकेने पायऱ्याच पायऱ्या बांधल्या. प्रथम लाकडी, पुढे काँक्रीटच्या. आज त्यांच्या सुमारे ८०० रांगा आहेत, अमेरिकेतील इतर कोणत्याही शहरापेक्षा अधिक. विशेष असा की, त्यांतल्या कित्येक कायद्याने रस्ते आहेत: नकाशावर त्यांना रस्त्याचे नाव आहे आणि काही घरांचा पत्ताच मुळी त्या जिन्यावरचा आहे. पण १९५० साली पावणेसात लाख असलेली लोकसंख्या कारखाने बंद पडल्यावर घटत घटत तीन लाखांवर आली, आणि दुप्पट माणसांसाठी बांधलेल्या पायऱ्या निम्म्या माणसांच्या करातून राखण्याची पाळी आली. हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ काँक्रीट आणि आतली सळई खाते, ते वेगळेच. अखेर २०१७ च्या सुमारास त्या नगरपालिकेने सर्व पायऱ्यांची पाहणी करून, कोणत्या रांगेवरून माणसे बसथांब्याला जातात, कोणती मोडली तर किती घरे अडकतात, या कसोटीवर दुरुस्तीचा क्रम लावला. पायऱ्या मोडक्या राहिल्या असतील, त्यांतल्या पुष्कळ अजूनही बंद आहेत; पण त्या कोणाच्या, हे मात्र तेथे ठरलेले आहे.

आपल्याकडे डोंगरावरच्या पायऱ्यांना पुण्य आहे, पत्ता नाही. देवस्थान न्यासाचे, डोंगर बहुधा वनखात्याचा, पायथ्याची वाट नगरपालिकेची, छत पर्यटनाच्या योजनेतले, दुकाने वहिवाटीने बसलेली. अशा पाच धन्यांच्या मालमत्तेवर जो पाय घसरतो तो मात्र एकाचाच. भिलाईच्या कारखान्यात जिन्याला जे ३२ व्या कलमाने मिळाले, ते यात्रेच्या पायऱ्यांना मिळवून द्यायला नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळा संपताच आणि चैत्री यात्रा उलटताच, अभियंत्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत जाऊन पाहणी करावी. काँक्रीटची कामे वैशाखात आणि गटारे उपसण्याची मृगाआधी व्हावीत. देणगीच्या पावतीपुस्तकात ‘पायऱ्यांची देखभाल’ असे एक निराळे सदर असावे. आणि दर पन्नास पायऱ्यांवर, कठड्याच्या खांबावर, ठळक रंगात क्रमांक घालावा. चढणाऱ्याला किती उरले ते कळेल हा लाभ आहेच. पण डोली उचलणाऱ्याला, झाडणाऱ्याला, वा वाटेत चक्कर आलेल्या बाईच्या मुलाला खाली फोन करून सांगता यावे की, ‘सहाशे पन्नासच्या वर, उजव्या हाताची चौथी पायरी, कड फुटली आहे,’ आणि पलीकडे ते कुणी तरी वहीत टिपून घ्यावे.